आधी फाईल, मग पॉलिसी, मग तिकीट

कॅनडात स्थिरावलेल्या मुलामुलींचं आईवडिलांना बोलावणं अलीकडे बदललं आहे. पूर्वी ‘उन्हाळ्यात दोन-तीन महिने या’ असं असायचं. आता ‘चांगलं वर्ष-दोन वर्षं राहायलाच या’ असं असतं. त्यामागे सुपर व्हिसा आहे. कॅनडाने तो डिसेंबर २०११मध्ये सुरू केला आणि ४ जुलै २०२२पासून या व्हिसावर एका खेपेला सलग ५ वर्षांपर्यंत राहता येतं. व्हिसा १० वर्षांपर्यंतचा मिळू शकतो आणि त्या काळात कितीही वेळा ये-जा करता येते. तिकडे असतानाच मुक्काम आणखी २ वर्षं वाढवून मागता येतो. साध्या व्हिजिटर व्हिसावर एरवी सहा महिने मिळतात, त्या मानाने ही सोय फार मोठी आहे.

पण ही सोय ज्यांच्यासाठी आहे ती माणसं साठी-सत्तरीची असतात. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाच्या हृदयात स्टेंट, कुणाची थायरॉइडची गोळी. व्हिसाच्या अटी वाचून पूर्ण करता येतात. घरं अडकतात ती विम्यापाशी. तोही विमा मिळत नाही म्हणून क्वचितच. मिळालेला विमा नेमका त्या जुन्या आजारालाच लागू होत नाही, हे हॉस्पिटलात कळतं म्हणून. त्यामुळे या लेखाचा भर फॉर्म कसा भरावा यावर नाही. आईवडिलांना काही आजार असेल, तर तयारी व्हिसाच्या अर्जापासून सुरू करू नका, त्यांच्या औषधोपचाराच्या फाईलपासून करा, आणि जाण्याची तारीख त्या फाईलने ठरवू द्या, हे मला सांगायचं आहे.

तरी व्हिसाच्या मुख्य अटी आधी पाहू. बोलावणारा मुलगा किंवा मुलगी कॅनडाची नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट हवी. मुलगा अजून स्टुडंट व्हिसावर किंवा वर्क परमिटवर असेल, तर आईवडिलांना सुपर व्हिसा मिळत नाही, साधा व्हिजिटर व्हिसाच घ्यावा लागतो. निमंत्रण पोटच्या मुलाचं किंवा नातवंडाचं लागतं. म्हणजे सुनेच्या आईवडिलांना बोलवायचं तर पत्र सुनेने लिहायचं, जावयाच्या आईवडिलांसाठी जावयाने. बोलावणाऱ्याचं उत्पन्न कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या किमान रकमेइतकं असावं लागतं, आणि त्या संख्येत येणारे आईवडीलही धरले जातात. ही रक्कम वेळोवेळी बदलते, तेव्हा शेजाऱ्याने गेल्या वर्षी दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नये. अर्ज कॅनडाबाहेरूनच करायचा. आईवडिलांबरोबर अविवाहित बहिणीला किंवा धाकट्या भावाला याच अर्जात बसवता येत नाही.

पासपोर्टची मुदत आधी पाहा. ती दोन वर्षांत संपत असेल, तर दहा वर्षांचा व्हिसा मिळणार नाही. ज्येष्ठांचे पासपोर्ट बहुधा कपाटात पडून असतात. ते आधी नवे करून घ्या.

आता विमा. किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, कॅनडात प्रवेश केल्यापासून किमान एक वर्षाची मुदत, आणि आजारावरचे उपचार, हॉस्पिटलात भरती व मायदेशी परत पाठवणं या तिन्हींचा समावेश, ही अट आहे. पूर्वी विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा. २८ जानेवारी २०२५पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तसंस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑस्फी’ या सरकारी कार्यालयाची आरोग्यविम्यासाठी मान्यता हवी. ‘आता भारतातला ट्रॅव्हल इन्शुरन्स चालतो’ असं कुणी सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: कंपनीचं नाव ऑस्फीच्या यादीत आहे का? शिवाय नुसतं कोटेशन जोडून भागत नाही. पैसे भरल्याचा पुरावा लागतो, मग ते एकरकमी भरलेले असोत वा हप्त्यांनी.

हे कागद जमवणं कठीण नाही. खरा प्रश्न ‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांपाशी येतो.

कॅनडातल्या विमा कंपन्या साधारणपणे दोन प्रकारच्या पॉलिसी देतात. एक स्वस्त, तिच्यात जुने आजार सरसकट वगळलेले. दुसरी महाग, तिच्यात जुना आजार ‘स्टेबल’ असेल तर त्यातून अचानक उद्भवलेल्या तातडीच्या प्रसंगाचा खर्च मिळतो. या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आपण ‘बाबांची शुगर स्टेबल आहे’ म्हणतो तेव्हा शुगर काबूत आहे एवढंच आपल्याला म्हणायचं असतं. पॉलिसीला तेवढं पुरत नाही. पॉलिसी लागू होण्याआधीच्या ठरावीक काळात, कंपनीनुसार आणि वयानुसार ९०, १२०, १८० दिवस किंवा वर्षभर, त्या आजाराबाबत काहीही बदललेलं नसावं अशी तिची अट असते. नवं लक्षण नको, नवं निदान नको, नवी गोळी नको, हॉस्पिटलात भरती नको. सांगितलेली तपासणी करायची राहिलेली नको आणि रिपोर्ट यायचा बाकी नको. आणि गोळीचा डोस वाढलेला नको, तसा कमी झालेलाही नको.

शेवटची अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, नाशिकचे एक गृहस्थ आहेत, वय ७१, बीपी आणि शुगर जुनी, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलगी मिसिसागाला. तिकीट जूनचं. मे महिन्यात ते आपल्या डॉक्टरांकडे ‘निघण्याआधी एकदा दाखवून येतो’ म्हणून जातात. डॉक्टर बीपी पाहतात, थोडं जास्त आहे म्हणतात आणि टेल्मिसार्टन ४०च्या जागी ८० लिहून देतात. वैद्यकीयदृष्ट्या यात काहीच वावगं नाही. पण त्या चिठ्ठीने त्यांचं बीपी पॉलिसीच्या दृष्टीने ‘अनस्टेबल’ झालं. ऑगस्टमध्ये बीपीशी संबंधित काही झालं, तर कंपनी त्या चिठ्ठीवर बोट ठेवून क्लेम नाकारू शकते. उलट बाजूनेही तेच. शुगर छान उतरली म्हणून मेटफॉर्मिन कमी केलं, ही घरात आनंदाची बातमी असते. पॉलिसीच्या लेखी तोही बदलच.

थोडी सवलत असते. त्याच औषधाची त्याच ताकदीची दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली, तर तो सहसा बदल धरत नाहीत. इन्सुलिनचे युनिट किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा डोस रिपोर्टनुसार वर-खाली होतच असतो, तेवढा बदल बऱ्याच पॉलिसी मान्य करतात. पण हे प्रत्येक पॉलिसीच्या व्याख्येत लिहिलेलं असायला हवं. एजंटने तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही.

म्हणून सगळ्या तपासण्या निघण्याच्या किमान सात-आठ महिने आधी उरकाव्यात. ईसीजी, टू-डी इको, एचबीए१सी, किडनी, डोळे, गुडघे, जे काही रेंगाळलं असेल ते सगळं. डॉक्टरांना सरळ सांगा: लांब जायचंय, औषधात फेरफार करायचा असेल तर आत्ताच करा. मग ती घडी बसू द्या, पॉलिसीला हवा तेवढा काळ जाऊ द्या आणि मग तारीख ठरवा. निघण्याच्या महिन्यात केवळ मनाच्या समाधानासाठी ‘फुल बॉडी चेकअप’ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सत्तरीच्या माणसाचं काही ना काही निघतंच. मग पुढची तपासणी सांगितली जाते आणि ती अर्धवट ठेवून विमानात बसावं लागतं.

मात्र याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. त्रास होत असेल आणि डॉक्टर औषध बदला म्हणत असतील, तर विम्यासाठी ते टाळणं जिवाशी खेळणं आहे. अशा वेळी औषध बदलायचं आणि प्रवास पुढे ढकलायचा. बाळंतपण असो, मुंज असो वा घराची वास्तुशांत. तिकिटाची तारीख बदलायला जे पैसे लागतील ते कॅनडातल्या हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या बिलापुढे किरकोळ असतात, कारण तिथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत पाहुण्या आईवडिलांना जागा नाही आणि परदेशी रुग्णाला दिवसाला हजारो डॉलर आकारले जातात.

हृदय आणि फुप्फुसांच्या आजारांना पॉलिसीत बऱ्याचदा स्वतंत्र कलमं असतात, ती शोधून वाचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ठरावीक काळात घ्यावी लागली असेल, तर काही पॉलिसी हृदयविकाराला संरक्षण देत नाहीत. दम्यासाठी तोंडावाटे स्टेरॉइड घेतलं असेल किंवा घरी ऑक्सिजन लागत असेल, तर फुप्फुसांचंही तसंच. आपल्याकडे ‘असू द्या खिशात’ म्हणून ती जिभेखालची गोळी पुष्कळांना दिलेली असते. ती जवळ असणं आणि घ्यावी लागणं यात पॉलिसीच्या दृष्टीने फरक आहे, तेव्हा खरोखर कधी घेतली हे वडिलांना नीट विचारा. आपल्याला काळजी वाटू नये म्हणून ती माणसं अशा गोष्टी सांगत नाहीत. डायलिसिसवर असलेल्यांना किंवा पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तर बहुतेक योजनांचं दार बंदच असतं, आणि अशा घरांत मुलांनीच सुट्टी काढून इकडे यावं हे जास्त शहाणपणाचं.

प्रश्नावली भरताना खरं तेच लिहा. ‘बीपीचं कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल’ असं सुचवणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका. क्लेम आला की कंपनी भारतातल्या डॉक्टरांकडची नोंद मागवते. त्याहून सोपा पुरावा कॅनडातल्याच हॉस्पिटलात तयार होतो. इमर्जन्सीत डॉक्टर विचारतात तेव्हा घाबरलेली मुलगी स्वतःच सांगते, ‘बाबांना दहा वर्षांपासून शुगर आहे.’ ते लिहून घेतलं जातं आणि प्रश्नावलीशी ताडून पाहिलं जातं. उत्तर खोटं निघालं, तर फक्त त्या आजाराचा क्लेम नव्हे, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. मग घसरून मोडलेल्या हाताचे पैसेही मिळत नाहीत. प्रश्नावली आईवडिलांशेजारी, निदान व्हिडिओ कॉलवर, समोर फाईल घेऊन भरा. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने ‘नाही’वर खूण करू नका, डॉक्टरांना विचारा.

पैशाचं गणित. १,००,००० डॉलर ही सरकारने ठरवलेली किमान रक्कम आहे, पुरेशी असेलच असं नाही. स्टेंट असलेल्या किंवा पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी मी दीड-दोन लाखांची पॉलिसी पाहीन. वाढलेला प्रीमियम डिडक्टिबल घेऊन खाली आणता येतो, म्हणजे सुरुवातीचे हजार किंवा काही हजार डॉलर आपण भरायचे आणि वरचं कंपनीने. हे डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला आहे की पूर्ण वर्षाला एकदाच, हे विचारा. आई आणि बाबा यांच्या पॉलिसी वेगवेगळ्या घ्या. दोघांचे आजार वेगळे, स्थिरतेची अट वेगळी. व्हिसा नाकारला गेला तर पूर्ण पैसे परत मिळतात का, क्लेम न करता लवकर परतल्यास उरलेल्या महिन्यांचे मिळतात का, आणि व्हिसाला उशीर झाला तर सुरुवातीची तारीख पुढे ढकलता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. विमा कॅनडात उतरण्याआधीपासून लागू असू द्या. पोचल्यावर विकत घेतला, तर आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस वेटिंग पिरियडचे जातात.

व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीही लागते. ती कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच होते, तुमचे फॅमिली डॉक्टर कितीही मोठे असले तरी त्यांचा दाखला चालत नाही. असे डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत. नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब आहे एवढ्यावरून सहसा नकार येत नाही. तिथे खरं लक्ष असतं क्षयरोगावर. आपल्या आईवडिलांच्या पिढीत तरुणपणी टीबी होऊन बरे झालेले पुष्कळ आहेत, आणि छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला की थुंकीची कल्चर तपासणी सांगितली जाते. तिचा निकाल यायला दोन महिनेही लागतात. तेव्हाच्या उपचाराचे कागद, जुना एक्स-रे काहीही सापडलं तर बरोबर न्या. निदान वेळेचा हिशेब धरून ठेवा.

औषधांचं सामान भरताना एक नियम लक्षात ठेवा. कॅनडात येणाऱ्या पाहुण्याला स्वतःपुरती, जास्तीत जास्त ९० दिवसांची औषधं आणता येतात. वर्षभराचा साठा पिशवीत कोंबून नेण्याची आपली रीत तिथे अडचणीची ठरते. गोळ्या मूळ पाकिटात, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यात ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव, कारण इकडच्या ब्रँडची नावं तिकडच्या फार्मासिस्टला कळत नाहीत. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या इकडच्या गोळ्या तिथे त्याच रूपात मिळतीलच असं नाही. तिकडे त्या सुट्या घेता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि हा फेरफारही स्थिरतेच्या मुदतीआधी व्हायला हवा. तीन महिन्यांनंतरची औषधं तिथल्या वॉक-इन क्लिनिकच्या डॉक्टरकडून लिहून घ्यावी लागतात. त्याची फी आणि गोळ्यांचे पैसे आपलेच. ही पॉलिसी तातडीच्या प्रसंगासाठी असते. नेहमीची तपासणी, शुगर टेस्ट, मोतीबिंदू, दात, गुडघ्याचं ऑपरेशन यांपैकी काहीही तिच्यात येत नाही. हे आईवडिलांनाही समजावून सांगा, नाहीतर ‘एवढा विमा काढलाय, मग दाखवून घेऊ’ असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं. पॉलिसीची छापील प्रतही हातातच असू द्या. विमानतळावर अधिकारी ती मागू शकतो आणि किती काळ राहता येईल हेही तोच ठरवतो. सुपर व्हिसावर आलो आहोत हे त्याला सांगा, आणि किती मुदत दिली ते तिथेच पाहून घ्या. पहिली खेप शक्यतो एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करा. हृदयरोग असलेल्या माणसाने जानेवारीत उतरून अंगणातला बर्फ फावड्याने काढायला घेणं हे मुलगा कितीही नको म्हणाला तरी घडतं, आणि ते फार धोक्याचं आहे.

प्रसंग आलाच तर आधी ९११ला फोन. त्यानंतर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन. हे राहिलं तर कंपनी देय रक्कम कापू शकते, आणि अँजिओग्राफीसारख्या गोष्टींना तिची आधी परवानगी लागते. तो क्रमांक फ्रिजवर लावा, बाबांच्या पाकिटात ठेवा, नातवाच्या फोनमध्येही टाका. घरी फक्त आजी आणि नातू असताना पाय घसरू शकतो.

एक कलम मन घट्ट करून वाचावं लागतं. रुग्णाचा धोका टळला, प्रवास करता येईल असं डॉक्टर म्हणाले, की कंपनी ‘आता पुढचे उपचार मायदेशी घ्या’ असं सांगू शकते. ते नाकारलं तर त्या दुखण्याचा पुढचा खर्च आपल्यावर. दुसरं कलम मृत्यूचं: पार्थिव भारतात आणण्याला किती रक्कम, तिथेच अंत्यसंस्कार केले तर किती. हा विषय घरात कुणालाच काढवत नाही. पण आईवडिलांना स्वतःला काय हवं आहे हे त्यांना शांतपणे विचारलं, तर बहुधा त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

पाच वर्षांच्या मुक्कामाचा बेत करताना दुसऱ्या वर्षाचा विचार आधी करा. विमा वर्षाचा असतो, आणि दुसऱ्या वर्षाची पॉलिसी बऱ्याचदा नवी धरली जाते. पहिल्या वर्षात झालेलं दुखणं तिच्या लेखी ‘आधीपासूनचा आजार’ होतं आणि स्थिरतेचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. पहिल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी त्याच आजारासाठी उघड्यावर राहावं लागू शकतं. म्हणून मला पाच वर्षांपेक्षा आठ-दहा महिन्यांच्या दोन-तीन खेपा बऱ्या वाटतात. मधल्या काळात आपले डॉक्टर, आपल्या तपासण्या, आपलं मेडिक्लेम. हे मेडिक्लेम मुलांकडे राहायला गेलो म्हणून बंद करू नका. सत्तरीनंतर नवं मिळवणं फार अवघड जातं. पेन्शनरांनी नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था निघण्याआधी बँकेत विचारून ठेवावी.

इतर देशांबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या बी-२ व्हिसाला विमा सक्तीचा नाही, पण न काढणं परवडणारं नाही. तिथे एका उपचाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या स्वस्त योजना टाळा, आणि जुना आजार अचानक उफाळला तर मिळणाऱ्या संरक्षणाला वयाची मर्यादा आहे का ते पाहा. ऑस्ट्रेलियाच्या ८७० व्हिसावर ३ किंवा ५ वर्षं राहता येतं, एकूण १० वर्षांपर्यंत, आरोग्यविमा सक्तीचा. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागातली तपासणी मोफत असली, तरी भरती झाल्यावर पाहुण्यांना खर्चाच्या १५० टक्के आकारतात आणि ५०० पौंडांवरची थकबाकी पुढच्या व्हिसाला आडवी येते. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस आणि ३०,००० युरोंचा विमा.

एवढं करूनही कॅनडात क्लेम नाकारला गेला, तर पहिल्या पत्राने खचू नका. नकाराचं कारण कलमासह लेखी मागा. भारतातल्या डॉक्टरांकडून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत औषध व डोस तोच होता असं पत्र आणा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे फेरविचारासाठी द्या. तिथेही नकार कायम राहिला, तर कंपनीचं अंतिम उत्तर जोडून ‘ओम्बुडसर्व्हिस फॉर लाइफ अँड हेल्थ इन्शुरन्स’ या स्वतंत्र संस्थेकडे तक्रार करता येते. तिची फी नसते. कंपनी तिच्या कक्षेत येते का हे आधी विचारा. हॉस्पिटलच्या बिल विभागालाही प्रकरण चालू असल्याचं कळवा आणि हप्ते बांधून मागा.